हिब्रूला शिरोरेघ नसते

९ सप्टेंबर

क्लासचा पहिला दिवस. अब्रू गेली.

कन्हानहून बेसा म्हणजे नागपूरच्या या टोकाकडून त्या टोकाला. ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत गाडी, पुढे मेट्रो, पुढे ऑटो. जायला पावणेदोन तास, हिब्रू दोन तास, यायला पुन्हा पावणेदोन. वर्गात अकरा जण. नऊ नर्सबाया, एक बुटीबोरीच्या कापड कंपनीतून आलेला रजत, आणि मी—खासगी दवाखान्याचा वॉर्डबॉय, अनुभव बारा वर्षं. सगळ्यांना इस्रायलला जाऊन म्हाताऱ्यांची सेवा करायची आहे. शिकवणाऱ्या कामिनी मॅडम स्वतः तिकडे नऊ वर्षं एका आजीपाशी होत्या. आजी वारल्या, मॅडम परत आल्या, क्लास काढला.

आज अक्षरं. उजवीकडून डावीकडे. मी बावीसच्या बावीस वहीत उतरवली आणि सवयीने वरून एक लांब रेघ ओढली. मॅडमनी वही हातात घेतली.

"हे काय गा, संघपाल? कपडे वाळू घातले काय दोरीवर?"

वर्ग हसला. हिब्रूला शिरोरेघ नसते. लिहून ठेवतो, म्हणजे उद्या हात वळणार नाही. पेंटरचा मुलगा आहे, हात वळतोच.

११ सप्टेंबर

बाबांच्या लकव्याला आज चौदा महिने झाले.

कामठीत एका शाळेची पाटी रंगवत होते. शिडीवरून उतरले, ब्रश रॉकेलमध्ये बुडवला आणि खाली बसले. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. बोलणं अगदीच गेलं असं नाही. एक शब्द उरला. "बरोबर."

बाबा, जेवले? बरोबर. नाही जेवले? बरोबर. पंखा लावू? बरोबर. बंद करू? बरोबर. डॉक्टर म्हणतात, त्यांना कळतं बरंचसं, पण बाहेर काढायला गेले की तोच एक शब्द हाताला लागतो. ज्या माणसाने चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना "चूक आहे तुमचं" एवढंच सांगितलं, त्याला नेमका हा शब्द उरावा!

बोलण्याचे व्यायाम घेणारी बाई आठवड्यातून दोनदा यायला पाहिजे. आम्हाला परवडते महिन्यातून एकदा. दवाखान्यात मी बारा वर्षांनंतरही रोजंदारीवरच. म्हणून हिब्रू.

काल विचारलं, "बाबा, मी इस्रायलला जाऊ?" बरोबर. "की नको जाऊ?" बरोबर.

दोन्ही वेळा मान सारखीच हलली.

१५ सप्टेंबर

रोज वीस शब्द पाठ. माझ्या डोक्यात सात राहतात, त्यातले तीन चुकीचे.

पण आज मेट्रोत मोबाईलवर घबाड सापडलं. यांचे शब्द तीन अक्षरांच्या मुळातून निघतात. मूळ ठेवायचं, मागे-पुढे काहीतरी जोडायचं, शब्द तयार. र-फ-अ. रोफे म्हणजे डॉक्टर. त्रुफा म्हणजे औषध. मिर्पाआ म्हणजे दवाखाना. फ चा कुठे कुठे प होतो, ते चालतं. मी बारा वर्षं एकाच मुळात नोकरी करतो आहे आणि मला पत्ता नव्हता.

क-त-ब म्हणजे लिहिणं. मिख्ताव पत्र, क्तोवेत पत्ता. आणि आपल्याकडची किताब, कामठीतलं मुलांना कुराण शिकवणारं मकतब—ते शब्द अरबीतून आले, पण खानदान एकच. त्या मकतबाची पाटी बाबांनीच रंगवली होती. म्हणजे आमच्या घराण्यात हे मूळ आधीपासून आहे.

एका दगडात तीन पक्षी. स्टेशन मागे गेलं ते कळलं नाही. परत दोन स्टेशनं उलट आलो.

१८ सप्टेंबर

मुळांचं वर्गात सांगितलं. मॅडमना आवडलं नाही.

"मले एक सांग. आजी हाक मारून राहिली, तिले पाणी पाहिजे. तू तिले पाणी देशीन का मूळ सांगशीन?"

"पाणी."

"मग पाणी शिक."

मायिम. शिकलो.

मग म्हणाल्या, म्हातारं माणूस पहिल्यांदा काय बोलते माहीत आहे? "लो." लो म्हणजे नाही. पाणी? लो. गोळी? लो. अंघोळ? लो, लो, लो. नऊ वर्षं मी हेच ऐकलं. त्याचा राग नाही आला पाहिजे, एवढं ज्याले जमलं त्याले बाकीचं हिब्रू आपोआप येते.

रजत सराव करताना पाण्याचा ग्लास पुढे करून स्वतःच "लो" म्हणतो. त्याचं घर गोंदियाकडचं, बोलणं हिंदी. मॅडमनी कपाळाला हात लावला.

घरी येऊन 'लो'चं मूळ शोधलं. नाही. दोन अक्षरं, लामेद आणि आलेफ. या शब्दाला मूळबिळ काही नाही. मग मी त्याच्यावर फार वेळ घालवला नाही.

२१ सप्टेंबर

सरावाला पेशंट घरात तयारच आहे.

"एफो कोएव?" म्हणजे कुठे दुखतं. बाबा—बरोबर. पुढे जाताच येत नाही. मग मी दोन्हीकडून बोलतो. मायिम? लो. त्रुफा? लो. ओखेल, म्हणजे जेवण? लो. बाबा एकदा माझ्याकडे बघतात, एकदा मी ज्या रिकाम्या खुर्चीकडे बघून उत्तर देतो तिच्याकडे. बायको, पायल, दारातून म्हणाली, "अहो, कोणाशी भांडून राहिले?"

रविवार म्हणून दाढी केली त्यांची. झाकेन म्हणजे म्हातारा, झाकान म्हणजे दाढी, मूळ एकच. गालाला साबण लावता लावता हे सांगितलं. बाबांनी आरशात बघून तोंड वाकडं केलं. चौदा महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा थट्टा समजल्यासारखं केलं. मी वस्तरा बाजूला ठेवून जरा बाहेर जाऊन आलो.

२ ऑक्टोबर

धम्मचक्र प्रवर्तन दिन. दरवर्षी या दिवसाआधी आठ दिवस बाबा घरी नसायचे. दीक्षाभूमीकडच्या रस्त्यावर जेवढे भोजनदानाचे मंडप, तेवढ्यांच्या पाट्या. पाणी येथे मिळेल. चपला येथे काढाव्या. निळा रंग नखांत दिवाळीपर्यंत राहायचा. आता सगळं फ्लेक्सवर. बाबा त्याला "पोस्टाचं तिकीट" म्हणत—थुंकी लावा अन् चिकटवा.

पायल आणि मी आळीपाळीने जाऊन आलो. संध्याकाळी मी जुनी टिनाची पाटी भिंतीला टेकवून तिच्यावर खडूने मुळं लिहीत बसलो. काळ्या रंगाचा हात मारलेल्या अशा सात-आठ रिकाम्या पाट्या घरात पडून आहेत. मागून काहीतरी ओढलं गेलं. बाबांनी डाव्या हाताने माझा शर्ट धरला होता. खडू पाहिजे होता.

व्यायामवाल्या बाईने मागे त्यांना डाव्या हाताने 'क' काढायला सांगितलं होतं. पाटी फेकली होती त्यांनी. डावा हात देवनागरी लिहायला गेला की लिहिलेल्यावरूनच घासत जातो. पेंटरला ते कसं सहन होणार.

आज त्यांनी रेश काढलं. मग फे. मग आलेफ. उजवीकडून डावीकडे, डाव्या हाताने—हात पुढे सरकतो, लिहिलेलं मागे जसंच्या तसं राहतं. काही पुसलं जात नाही. अक्षरं माझ्यापेक्षा चांगली. जाड-बारीक रेषासुद्धा सांभाळली.

मला हे आधी सुचायला पाहिजे होतं. बारा वर्षं दवाखान्यात आहे म्हणतो.

५ ऑक्टोबर

मारोतराव आले होते. बाबांचे जुने जोडीदार. ते दोरीला खडू लावून ओळी आखायचे, बाबा अक्षरं भरायचे. पाटी बघून म्हणाले, "देवराव, हे कोणतं लिहून राहिला गा? याले वरची रेघ नाही?"

"बरोबर," बाबा म्हणाले. यावेळी खरंच बरोबर होतं.

मग मारोतरावांनी रेघेच्या गोष्टी काढल्या. बाबा शिरोरेघ सगळ्यात शेवटी ओढायचे. अक्षरं लिहून झाली की ब्रश ठेवून गिऱ्हाइकाला विचारायचे, वाचून घ्या, काय बदलायचं ते आत्ता सांगा. एकदा वरून रेघ ओढली की मग देव आला तरी बदल नाही. एका निवडणुकीत भिंत रंगवली. उमेदवार तिसऱ्या दिवशी पक्ष बदलून दारात हजर—चिन्ह बदला, नाव तेच ठेवा. बाबा म्हणाले, नाव पुसतो, चिन्ह पुसतो, रेघ राहील. पुढची पाच वर्षं त्या भिंतीवर नाव नसलेली एक रेघ होती. पडला तो.

मला लहानपणी याची लाज वाटायची. वाकडा माणूस म्हणून गावभर नाव होतं बाबांचं.

९ ऑक्टोबर

बाबांच्या पाटीचा फोटो मॅडमना दाखवला. त्यांनी मोबाईल लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"याइनं रेघ नाही ओढली."

"नाही."

"हे शिकतीन. तुही गॅरंटी नाही."

१७ ऑक्टोबर

रोज एक मूळ, संध्याकाळी सात वाजता. मी बोलतो, बाबा लिहितात. श-म-र म्हणजे राखणं. शोमेर चौकीदार, मिश्मेरेत ड्यूटीची पाळी. स-प-र या तीन अक्षरांत पुस्तक, आकडा, गोष्ट आणि न्हावी, चौघं बसतात. पायल म्हणाली, त्यात काय, न्हाव्याजवळच तर गोष्टी असतात.

'बरोबर'ला हिब्रूत नाखोन म्हणतात. त्याच मुळातून मुखान म्हणजे तयार, कावाना म्हणजे मनातला हेतू. बाबांना शिकवलं. म्हटलं, बाबा, म्हणा नाखोन. ओठ हलले, घसा हलला. "बरोबर."

असू दे. अर्थाने पास.

२४ ऑक्टोबर

आज मॅडमनी भोंग्याचा धडा घेतला. तिकडे भोंगा वाजला की पेशंटला घेऊन घरातल्या जाड भिंतीच्या खोलीत जायचं. आपण जाणार त्या भागात दीड मिनिट मिळतं. कुठे कुठे त्याहून कमी. मॅडम हे सगळं भाजी निवडताना सांगावं तसं सांगतात. नर्सबायांपैकी एकीने विचारलं, पेशंट चालत नसला तर? "तर तू चालतं," मॅडम म्हणाल्या.

बचावाचं मूळ ग-न-न. मागेन ढाल. हगाना संरक्षण. आणि गान म्हणजे बाग. मी वहीत लिहिलं, छान मूळ आहे. 

रात्री पायलला सांगितलं. ती म्हणाली, "नागपुरात ट्रक नाही काय?" मग कूस बदलून झोपली. झोपली नव्हती.

२ नोव्हेंबर

बाबांवर सराव. पलंगावरून उचलायचं, चाकाच्या खुर्चीत बसवायचं, न्हाणीपर्यंत न्यायचं, दार लावायचं. न्हाणी म्हणजे जाड भिंतीची खोली. पायल मोबाईलवर वेळ लावून उभी.

पहिल्या खेपेला चार मिनिटं दहा सेकंद. पायल म्हणाली, "मेले तुम्ही दोघं."

बाबांना मजा वाटत होती. तिसऱ्या खेपेला हसले. मी म्हटलं, बाबा, आपल्याला दीड मिनिटात यायचं आहे, तिकडे वरून बॉम्ब येतो. बोलून गेलो. आतापर्यंत त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. चौथ्या खेपेला त्यांनी डाव्या हाताने पलंगाचा गज धरून ठेवला. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

वेळ लागला पाच मिनिटं.

७ नोव्हेंबर

मुलाखत झाली. समोर पडद्यावर तिघं. एकाने विचारलं, पेशंट औषध घेत नाही, काय कराल? मी हिब्रूत म्हटलं, थांबेन, परत विचारेन. त्यांच्यातल्या बाई हसल्या. मुळांचं काहीच विचारलं नाही. तयारी करून गेलो होतो अडीचशे मुळांची.

१४ नोव्हेंबर

निवड झाली! अकरातले चार. मी, दोघी नर्स, आणि रजत.

पेशंटचा कागद आला. गाव नेतन्या. पुरुष, वय ८१. पक्षाघात, उजवी बाजू. बोलणं अत्यल्प. मुलगा दुसऱ्या देशात.

म्हणजे बाबाच. फक्त नेतन्याचे.

पायलने वाचलं, घडी केली, डब्यात ठेवलं. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. म्हणाली, सकाळचं बाबांचं करून जाईन, दुपारी येईन, संध्याकाळी मारोतराव बसतीन. सगळं ठरवून ठेवलं होतं तिने. "दोन वर्षं कसे निघून जातीन. तुम्ही जा. बारा वर्षं लोकाइचे बेडपॅन उचलून काय भेटलं?" बोलली जोरात, पण भाकरी करपवली.

२३ नोव्हेंबर

दोन मिनिटं वीस सेकंद. बाबा आता गज धरत नाहीत. हात पोटावर ठेवून पडून राहतात. मला ते गज धरण्यापेक्षा वाईट वाटतं.

मारोतराव चहा पिताना म्हणाले, "आपला म्हातारा सोडून दुसऱ्याचा सांभाळाले चालला. काय जमाना आहे गा." मग माझ्या तोंडाकडे बघून, "मी असाच बोलून राहिलो." मीही असंच ऐकलं.

३० नोव्हेंबर

बाबा रोज लिहितात. आज मी न सांगता स्वतःहून लिहिलं—क्तोवेत. पत्ता. तीन वेळा. तिन्ही वेळा वरची जागा मोकळी. वाट बघितल्यासारखे थोडा वेळ पाटीकडे बघतात, मग फडक्याने पुसतात.

व्यायामवाली बाई म्हणाली, डाव्या हातात जोर आला आहे, अशाने बोलणंही सुटू शकतं. पण भाषा आपलीच ठेवा ना! तिला म्हटलं, आमच्याकडे सध्या हीच चालू आहे.

४ डिसेंबर

तिकीट १५ तारखेचं.

आज परत विचारलं. नीट, समोर बसून, हात हातात घेऊन. बाबा, मी जाऊ? बरोबर. बाबा, मी राहू? बरोबर. डोळ्यांत बघितलं. डोळ्यांत काहीतरी होतं, पण ते वाचायला मला कोणी शिकवलं नाही.

मला दुसरं काही नको. जा म्हणाले तर मोकळ्या मनाने जाईन, नको म्हणाले तर राहीन. हे असं अधांतरी ठेवून जाणं जिवावर येतं. नेतन्याच्या म्हाताऱ्याला घास भरवताना मला हेच आठवणार आहे.

या पानावर लिहून ठेवतो. बाबांनी 'बरोबर' सोडून काहीही उत्तर दिलं, तर ते जे असेल ते मी मानीन. संघपाल देवराव, सही. हे लिहायला माझं काही जात नाही. ते देणार नाहीत.

९ डिसेंबर

एक मिनिट पन्नास. पायल म्हणाली, "वीस सेकंद राहिले." बाबांनी तिच्याकडे असं बघितलं जसं पूर्वी स्पेलिंग बदलायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघायचे.

११ डिसेंबर

थंडी वाढली. बाबांना दोन स्वेटर. दवाखान्यात सत्कार झाला माझा, नारळ आणि शाल. शाल बाबांना दिली. मॅडम फोनवर म्हणाल्या, तिकडे जाऊन मुळं सांगत बसू नको, आधी म्हाताऱ्याले चहा विचार.

१४ डिसेंबर

बॅग भरली. तेवीस किलोच्या आत. मुळांची वही वर ठेवली. संत्री नेता येत नाहीत म्हणे, मारोतरावांनी आणलेली अर्धा डझन पायलने परत काढली.

संध्याकाळी सातला मूळ घेतलं नाही. शिकवायला काही उरलं नव्हतं असं नाही. मला बसवलं नाही. बाबांनी पाटी ओढून घेतली, खडू हातात धरला, काही लिहिलं नाही, धरूनच झोपले.

१५ डिसेंबर

विमान संध्याकाळी पाचला. सकाळी दाढी करता करता विचारलं, सवयीने, उत्तराची वाट न बघता. बाबा, मी जाऊ?

"लो."

मला वाटलं, मीच बोललो. वस्तरा ठेवला. परत विचारलं. जाऊ? "लो." राहू? "बरोबर." पायल दारात येऊन उभी राहिली होती. तिसऱ्यांदा तिने विचारलं. तेच. सतरा महिन्यांनी बाप बोलला आणि हे बोलला. मी रडलो, कशासाठी ते नीट सांगता येणार नाही. दोन्हीसाठी असेल.

साबण लागलेल्या तोंडाने बाबांनी पाटी मागितली. लामेद काढलं. त्याच्या डावीकडे आलेफ. थांबले. मला वाचू दिलं. मी काही बदल सांगितला नाही. मग खडू आडवा धरून त्यांनी दोन्ही अक्षरांवरून रेघ ओढली, डावीकडून उजवीकडे, आपल्यासारखी.

सरळ होती. बॅग उघडली.